सोडलेले शस्त्र परत बोलावण्याचा अधिकार कोणाचा?

अनुष्टुभ

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने बनवलेली 'नागास्त्र-१' ही शस्त्रे जून २०२४ पासून आपल्या लष्कराकडे येऊ लागली. एकूण मागणी ४८० नगांची होती आणि पहिल्या खेपेत १२० मिळाली. सुमारे नऊ किलो वजनाचे हे छोटे विमान अर्धा तास आकाशात घिरट्या घालू शकते आणि लक्ष्य दिसले की पोटातल्या स्फोटकासह त्याच्यावर झेपावते. त्याच्या ज्या गुणाचे वृत्तपत्रांनी विशेष कौतुक केले तो असा, की लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली तर त्याला परत बोलावता येते, पॅराशूटने उतरवता येते आणि पुन्हा वापरता येते. बातम्यांत या गुणाकडे मुख्यतः खर्चाची बचत म्हणून पाहिले गेले. मला मात्र तो नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण शस्त्र सुटल्यानंतरही 'नको' म्हणण्याची संधी माणसाकडे राहते.

याच्या पुढची पायरी आता दूर नाही. शस्त्राने स्वतःच आकाशातून पाहायचे, रणगाडा कोणता आणि ट्रॅक्टर कोणता हे स्वतःच ठरवायचे आणि कोणालाही न विचारता झेपावायचे, इतके तंत्रज्ञान आज तुकड्या-तुकड्यांनी उपलब्ध आहे. असे शस्त्र बनवणे आणि वापरणे योग्य आहे का? माझा कल असा आहे, की जीव घेण्याची शेवटची परवानगी माणसानेच दिली पाहिजे. तथापि या मताला बळकट विरोधही असू शकतो याची मला जाणीव आहे, म्हणून हा धागा काढला. सैन्यात काम केलेले, संगणकावर काम करणारे आणि कायदा जाणणारे सदस्य इथे आहेत. त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपूरचे नाव संत्री आणि उन्हाळा सोडून तिसऱ्याच कारणासाठी निघाले, म्हणून तातडीने हजेरी लावत आहे. मत नंतर देतो. आधी जाणकारांना बोलू द्या.

निवृत्त_तोफची

मी विमानवेधी तोफखान्यात नोकरी केली आहे, त्यामुळे 'यंत्राने ठरवायचे की माणसाने' हा प्रश्न आमच्या शाखेला नवा नाही. आमच्याकडे गोळीबाराच्या नियंत्रणाच्या तीन स्थिती असतात. 'वेपन्स होल्ड' असेल तर स्वसंरक्षण किंवा स्पष्ट आदेश यांखेरीज तोफ बोलत नाही. 'टाइट' असेल तर शत्रू म्हणून ओळख पटलेल्यावरच मारा करता येतो. 'फ्री' असेल तर आपले म्हणून जे ओळखता आले नाही ते सगळे लक्ष्य ठरते. या तीन शब्दांत बरीचशी नीती सामावलेली आहे, कारण कोणती स्थिती लागू करायची हे वरचा अधिकारी परिस्थिती पाहून ठरवतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्याचकडे असते.

आता दुसरी बाजू पाहा. पाण्यालगत, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने येणारे क्षेपणास्त्र क्षितिजावर दिसल्यापासून युद्धनौकेवर आदळेपर्यंत अर्धे मिनिटही मिळत नाही. तेवढ्या वेळात माणसाने पाहायचे, ओळखायचे, वरिष्ठांना विचारायचे आणि कळ दाबायची असे म्हटले तर जहाज बुडेल आणि त्याबरोबर दोन-तीनशे माणसेही जातील. म्हणून जगातल्या बहुतेक युद्धनौकांवरील जवळच्या माऱ्याच्या तोफा कित्येक दशकांपासून गरज पडल्यास स्वतःच गोळीबार करतात, आणि त्याला कोणी अनैतिक म्हटलेले मी ऐकले नाही. त्या तोफेचे लक्ष्य क्षेपणास्त्र असते, त्यात माणूस बसलेला नसतो. तेव्हा धागाकर्त्यांचा 'शेवटची परवानगी माणसाचीच' हा नियम असा सरसकट लावता येणार नाही.

मेघना_क.

तोफचीसाहेबांचा भेद महत्त्वाचा आहे, परंतु तो कागदावर वाटतो तितका प्रत्यक्षात टिकत नाही. जून १९९६ मध्ये प्रशांत महासागरातील संयुक्त सरावात एका जपानी युद्धनौकेच्या अशाच स्वयंचलित तोफेने, दोरीने ओढल्या जाणाऱ्या सरावाच्या लक्ष्याऐवजी ते ओढणारे अमेरिकी विमानच पाडले. विमानातील दोघेही सुदैवाने बचावले. यंत्राच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. त्याला जे शोधायला शिकवले होते तशी वस्तू त्याच्या टप्प्यात होती.

मी चित्रांतून वस्तू ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करते. लष्करी नव्हे, रस्त्यावरील वाहनांच्या. अशी प्रणाली 'हा रणगाडा आहे' असे कधीच सांगत नाही. शिकवताना दाखवलेल्या चित्रांपैकी रणगाडा म्हणून खूण केलेल्या चित्रांशी समोरचे चित्र किती जुळते, एवढाच आकडा ती देते. शिकवताना जे दाखवलेच नाही ते समोर आले तर 'मला माहीत नाही' असे म्हणण्याऐवजी ती माहीत असलेल्यांपैकीच एक नाव अत्यंत आत्मविश्वासाने सांगते. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना लोंबत असलेली ट्रॉली पहिल्यांदा समोर आली तेव्हा आमच्या प्रणालीने तिला ज्या खात्रीने बस ठरवले होते ती पाहून कार्यालयात दिवसभर हशा पिकला. त्याच जागी स्फोटक असते तर कोणी हसले नसते. युद्धभूमीवर तर समोरचा पक्ष तुमच्या प्रणालीला फसवण्यासाठी मुद्दाम प्रयत्न करत असतो, आणि तिच्या चुका नेमक्या कुठे होतील हे आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आमच्या क्षेत्राकडे आज नाही.

अर्धविराम

चर्चा उत्तम चालली आहे. कोणीतरी धाग्याचा काश्मीर करण्यापूर्वी वाचनखूण साठवून ठेवतो.

दूरदेशी

मी जर्मनीत राहतो. इथे युक्रेनचे युद्ध रोज घराजवळ चालल्यासारखे जाणवते, त्यामुळे एक निरीक्षण मांडतो. तिकडे स्वयंनिर्णयाकडे जी वाटचाल होत आहे ती कोणी नीतीचा ग्रंथ वाचून किंवा न वाचून सुरू केलेली नाही. ती जॅमरने घडवून आणली. ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातील रेडिओ संदेश शत्रू तोडतो, आणि नेमका शेवटच्या काही शे मीटरांत, लक्ष्याजवळ, तो हमखास तुटतो. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे ड्रोनमागे किलोमीटरच्या किलोमीटर प्रकाशतंतूची बारीक तार सोडत जायची, म्हणजे जॅमरचा प्रश्नच उरत नाही. दुसरा म्हणजे चालकाने लक्ष्यावर एकदा खूण केली की उरलेले अंतर ड्रोनने स्वतः कापायचे.

हा दुसरा उपाय नीट पाहा. खूण माणसाने केली आहे, म्हणून निर्णय माणसाचा आहे असे म्हणता येते. पण खूण केल्यानंतर त्या ट्रकमागून रुग्णवाहिका निघाली, तर ते चालकाला दिसत नाही आणि दिसले तरी थांबवता येत नाही. आज हे अंतर काही शे मीटरांचे आहे. ते उद्या पाच किलोमीटर होईल, परवा वीस होईल, आणि माणसाचा निर्णय नेमक्या कोणत्या दिवशी नाहीसा झाला हे कोणालाही सांगता येणार नाही. सरकारे एखादे धोरण जाहीर करून स्वयंनिर्णयी शस्त्रे आणतील असे आपण गृहीत धरत असू, तर वाट चुकीच्या रस्त्यावर पाहत आहोत.

संशयात्मा

सर्व प्रतिसादांत एक गृहीतक दिसते, की माणूस निर्णय घेत असला की तो निर्णय अधिक नैतिक असतो. इतिहास याला दुजोरा देत नाही.

३ जुलै १९८८ रोजी 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराणचे प्रवासी विमान पाडले. त्यात २९० माणसे मेली आणि त्यांत दहा भारतीयही होते. ते विमान वर चढत होते आणि नौकेवरील संगणकाच्या नोंदीत तसेच दिसत होते; भांबावलेल्या माणसांनी मात्र ते आपल्यावर झेपावत असल्याचे कप्तानाला सांगितले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेने ड्रोनमधून एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडले आणि सात मुलांसह दहा निरपराध माणसे मारली. त्या मोटारीवर कित्येक तास माणसांचीच पाळत होती, निर्णय माणसांचाच होता, आणि गाडीत चढवलेले पाण्याचे डबे त्यांना स्फोटके वाटले. सुरुवातीला हल्ल्याचे समर्थन झाले आणि तीन आठवड्यांच्या आत चूक कबूल करावी लागली. यंत्राला भीती वाटत नाही, झोप येत नाही, कालच मेलेल्या मित्राचा सूड घ्यावासा वाटत नाही आणि ते बलात्कारही करत नाही. उद्या यंत्राच्या चुका माणसापेक्षा कमी असल्याचे सिद्ध झाले, तर माणसाचाच आग्रह धरणे हेच अनैतिक ठरणार नाही का?

मेघना_क.

@संशयात्मा, व्हिन्सेन्सचे उदाहरण बरोबर आहे, पण त्याच्याशेजारी मार्च २००३ चे उदाहरणही ठेवा. इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टोर्नेडो विमानाला रडारचा वेध घेत येणारे क्षेपणास्त्र ठरवले. यंत्रासमोर बसलेल्या माणसांनी अल्पावधीत त्यावर विश्वास ठेवला आणि विमानातील दोघे मेले. काही दिवसांतच अमेरिकेच्या स्वतःच्या नौदलाचे विमानही त्याच यंत्रणेने पाडले. एका घटनेत माणसांनी यंत्राकडे दुर्लक्ष केले आणि दुसरीत यंत्राचे निमूटपणे ऐकले. म्हणजे 'माणूस हजर होता' या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. त्याला किती वेळ मिळाला, त्याच्याकडे यंत्राखेरीज दुसरी माहिती होती का आणि 'नाही' म्हटल्यावर त्याला कोणी जाब विचारणार होते का, यांवर सगळे अवलंबून आहे.

गाझातील लक्ष्ये निवडणाऱ्या 'लॅव्हेंडर' या प्रणालीबद्दल एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलमधील दोन माध्यमांनी गुप्तचर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे जे प्रसिद्ध केले, त्यानुसार प्रणालीने सुमारे ३७,००० नावांवर खूण केली होती आणि एका नावाची पडताळणी करण्यासाठी माणूस साधारण वीस सेकंद देत होता. इस्रायली सैन्याने ते नाकारले आणि ती केवळ माहितीची जुळवाजुळव करणारी साधने असल्याचे सांगितले. वीस सेकंदांचे वर्णन खरे असेल, तर तिथला माणूस रबरी शिक्का होता.

उलट २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र आठवा. सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे सांगितले आणि लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले. अमेरिका हल्ला करायचाच तर केवळ पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात कशाला करील, हा त्यांचा तर्क होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसवले होते. हा तर्क प्रणालीत कोणीही लिहिलेला नव्हता, कारण तो क्षेपणास्त्रांविषयी नव्हता, शत्रूच्या मनाविषयी होता.

शमीवृक्ष

इतक्या विद्वान प्रतिसादांनंतर महाभारत काढणे धाडसाचे आहे, तरी काढतो, कारण प्रश्न तिथे फार नेमका आला आहे.

द्रोणांच्या वधानंतर अश्वत्थाम्याने नारायणास्त्र सोडले. कृष्णाने पांडवसैन्याला सांगितले, की शस्त्रे खाली ठेवा आणि रथांवरून, हत्तींवरून, घोड्यांवरून उतरा. जो निःशस्त्र होऊन जमिनीवर उभा राहील त्याला हे अस्त्र मारणार नाही. भीमाने ऐकले नाही आणि सगळे अस्त्र त्याच्या एकट्यावर लोटले. अखेर कृष्ण आणि अर्जुन यांनी त्याला रथावरून ओढून खाली उतरवले. आजच्या भाषेत पाहिले तर हे स्वतः लक्ष्य निवडणारे अस्त्र आहे आणि तरीही शरणागती ओळखण्याची अट त्याच्या घडणीतच आहे. मेघनाताई, तुमच्या प्रणालीला हे जमेल का? हात वर केलेला सैनिक आणि हातबॉम्ब फेकण्यासाठी हात उचललेला सैनिक यांतला फरक तिला कळेल का?

पुढे सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन हे दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुन आपले मागे घेतो; अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही आणि त्याचा मारा पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळतो. मागे घेण्याची विद्या नसलेल्याच्या हाती सोडण्याची विद्या कशी गेली, हा प्रश्न मला तिथे नेहमी पडतो, आणि अनुष्टुभ यांनी धाग्यात विचारलेलाही मला तोच वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा

'आमच्याकडे हे सगळे पाच हजार वर्षांपूर्वीच होते' असे अजून कोणी लिहिले नाही, याबद्दल धाग्याचे अभिनंदन. शमीवृक्षांनी जवळजवळ दारात आणून सोडले होते.

निवृत्त_तोफची

शमीवृक्षांचा शरणागतीचा मुद्दा विनोदात घालवू नये. शरण आलेल्याला मारायचे नाही हा युद्धाचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट नियम आहे. १९९१ च्या आखाती युद्धात फैलाका बेटावरील इराकी सैनिकांनी अमेरिकी युद्धनौकेच्या 'पायोनियर' या मानवरहित विमानाकडे पाहून पांढरे कापड हलवले. ते विमान नौकेच्या तोफांना लक्ष्य दाखवण्यासाठी येते हे त्यांना अनुभवाने कळले होते. युक्रेनमध्ये तर ड्रोनसमोर शरण कसे यायचे याच्या सूचना रशियन सैनिकांसाठी प्रसिद्ध केल्या गेल्या आणि त्याप्रमाणे माणसे शरण आली. या सगळ्या ठिकाणी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस होता, ज्याने ते कापड पाहिले आणि ओळखले. चालक नसलेल्या शस्त्रापुढे पांढरे कापड कोणासाठी हलवायचे?

मे २०२५ मध्ये ८ आणि ९ तारखांच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे आपल्या सैन्याने सांगितले. अशा लोंढ्यासमोर आमच्या जुन्या एल-७० तोफाही कामाला आल्या, याचा मला साहजिकच आनंद झाला. तिथे यंत्राने झटपट लक्ष्ये वाटून दिली तर मी त्याचे आभारच मानीन. समोर ड्रोन आहे, माणूस नाही. माझी रेषा तिथेच आहे.

न्यायप्रविष्ट

कायद्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम इथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण, ज्यांत नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडरही होते, आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडला. हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले, चौकशी झाली आणि अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्या कारवायांच्या गुणदोषांत मी जात नाही. सांगायचे एवढेच, की दोन्ही ठिकाणी 'कोणी केले' या प्रश्नाला उत्तर होते. स्वतः लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्राने लग्नाच्या वरातीवर झेप घेतली, तर सेनाधिकारी म्हणेल की मी केवळ क्षेत्र दिले होते, प्रणाली लिहिणारा म्हणेल की चाचणीत ती उत्तीर्ण झाली होती, आणि कंपनी म्हणेल की खरेदीच्या अटी आम्ही पाळल्या. युद्धगुन्ह्यासाठी हेतू किंवा निदान बेफिकिरी सिद्ध करावी लागते. इथे प्रत्येकाकडे थोडी थोडी बेफिकिरी असेल आणि शिक्षेपुरती कोणाकडेच नसेल. संशयात्मा यांच्या 'चुका कमी झाल्या तर?' या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे, की न्याय केवळ चुकांच्या संख्येवर चालत नाही. मेलेल्याच्या घरच्यांना जाब विचारण्यासाठी समोर कोणीतरी लागते.

आता भारताची भूमिका. जिनिव्हातील विशिष्ट शस्त्रांविषयीच्या कराराखाली या विषयावर जो तज्ज्ञगट काम करतो त्याचे अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताच्या अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच विषयावरील ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला तेव्हा त्या चारांत रशिया, बेलारूस आणि माली यांच्यासह भारत होता. चर्चा जिनिव्हातच व्हावी, समांतर व्यासपीठे नकोत, असा आपला युक्तिवाद आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, मात्र जिनिव्हात सर्वसंमती लागते आणि त्यामुळे तिथे एका देशाचा नकारही पुरेसा ठरतो. शिवाय नवे शस्त्र स्वीकारण्यापूर्वी ते कायद्यात बसते का हे तपासण्याचे बंधन जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ३६ व्या कलमात आहे, आणि तो प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही.

कणखर

आणि स्वीकारूही नये. उत्तरेकडचा शेजारी ड्रोनांचे सर्वांत मोठे कारखाने चालवतो आणि पश्चिमेकडचा त्याच्याकडून शस्त्रे घेतो. आपण एकतर्फी हात बांधून घेतले, तर आपल्या सैनिकांच्या मृत्यूची जबाबदारी कोणाची, हेही न्यायप्रविष्ट यांनी सांगावे. करारांचे काय होते ते आपण पाहतोच आहोत. भूसुरुंगांवर बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करार नीतीचा मोठा विजय मानला गेला होता. २०२५ मध्ये लिथुआनिया, लात्व्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्यातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू केली, कारण शेजारच्या घराला आग लागली. ज्यांनी जगाला नीती शिकवली त्यांचीच ही गत असेल, तर आपण कशाला अपराधी वाटून घ्यायचे? त्या करारावर सही न करण्याचा भारताचा निर्णय आज दूरदृष्टीचा वाटतो.

रानवाटा

कणखर यांनी भूसुरुंगांचा उल्लेख केला ते बरे झाले, कारण माणसाला न विचारता मारणारे पहिले शस्त्र तेच आहे. पाय पडला की स्फोट, पाय कोणाचा हे विचारायचे नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये 'पराक्रम' मोहिमेत आपण राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर, शेतजमिनींतसुद्धा, सुरुंग पेरले. युद्ध झालेच नाही. सुरुंग पेरताना आणि काढताना आपले जवान गेले, शेतकरी आणि त्यांची गुरे जखमी झाली, कित्येकांची शेते पडून राहिली. शत्रूचा रणगाडा न येताच शस्त्राने आपले काम केले. मागे घ्यायचे म्हटले तरी घेता न येणारे शस्त्र स्वतःच्या घरात काय करते याचा आपल्याला अनुभव आहे, म्हणून या चर्चेत भारताने गप्प राहू नये असे मला वाटते.

आणखी एक. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. त्या गोळ्यांना आजही कोलकात्याजवळच्या डमडमचे नाव आहे, कारण त्या तिथल्या कारखान्यात वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध वापरण्यासाठी बनवल्या होत्या. 'रानटी' शत्रू साध्या गोळीने थांबत नाही, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधीने परिषदेत केला होता. नवे शस्त्र कोणावर आधी वापरून पाहिले जाते हा प्रश्न नीतीच्या चर्चेत नेहमी उशिरा येतो. स्वयंनिर्णयी शस्त्रांच्या बाबतीत तो आताच विचारावा.

अनुष्टुभ

सर्वांचे आभार. कणखर यांच्या निराशेवर एक उदाहरण देतो. सैनिकांना कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणावर सर्रास वापरली जाण्यापूर्वीच, बंदी आली आणि ती बऱ्याच अंशी टिकली. भारतानेही ती मान्य केली आहे. तेव्हा प्रत्येक करार फुकट जातो असे नाही. ती बंदी टिकण्याचे एक कारण असे असावे, की अंतर मोजणारे, लक्ष्य दाखवणारे लेझर वापरण्याला तिने हात लावला नाही. अगदी नेमकी गोष्ट वगळली. म्हणून मी प्रश्न अधिक अरुंद करतो. सरसकट बंदी अशक्य आहे असे मानून चालू. तुम्हाला नियम लिहायला सांगितला, तर त्यात नेमके काय लिहाल?

न्यायप्रविष्ट

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने मे २०२१ मध्ये जी भूमिका घेतली ती मला पाया म्हणून योग्य वाटते. तिच्यानुसार माणसांवर झेपावणारी स्वयंनिर्णयी शस्त्रे निषिद्ध असावीत, ज्यांचे वर्तन आधी सांगता येत नाही तीही निषिद्ध असावीत, आणि बाकीच्यांना लक्ष्याचा प्रकार, क्षेत्र, कालावधी आणि देखरेख यांच्या मर्यादा असाव्यात. मी त्यात दोन अटी घालीन. शस्त्र सोडण्यापूर्वी त्याच्या सर्व परिणामांसाठी उत्तरदायी असलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव लेखी नोंदवलेले असावे. आणि चालकाशी संपर्क तुटला तर शस्त्राने स्फोट न करता निकामी व्हावे.

निवृत्त_तोफची

पहिली अट मान्य आहे. दुसरी अट अशी लिहिली तर शत्रूला आपले शस्त्र निकामी करायला एक जॅमर पुरेल, आणि दूरदेशी यांनी सांगितलेच आहे की तो त्याच्याकडे असतोच. माझी दुरुस्ती अशी आहे. रडार, धावपट्टी, क्षेपणास्त्राची गाडी अशी जी लक्ष्ये स्वभावतःच लष्करी आहेत आणि ज्यांची ओळख सोडण्यापूर्वी माणसाने पटवली आहे, त्यांच्याबाबत संपर्क तुटल्यावरही शस्त्राने पुढे जावे. बाकी सर्व बाबतीत निकामी व्हावे.

मेघना_क.

तोफचीसाहेबांच्या दुरुस्तीला माझी पुरवणी अशी, की ओळख पटवल्यापासून किती मिनिटांपर्यंत ती ग्राह्य धरायची हेही लिहा. क्षेपणास्त्राची गाडी चालती असते. दहा मिनिटांपूर्वी ती मोकळ्या माळावर होती, आता शाळेच्या आवारात असेल. आणि चाचणीबाबत एक आग्रह आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सैन्यदलांसाठी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मूल्यमापनाची चौकट जाहीर झाली, ही चांगली सुरुवात आहे. पण प्रणाली वाळवंटात तपासून दाट वस्तीत वापरली तर त्या मूल्यमापनाला काही अर्थ राहत नाही. जिथे तपासली तिथेच वापरावी, असे नियमातच असावे.

संशयात्मा

समजा, हे सगळे लिहिले. तुमची ग्राह्यतेची मुदत संपलेली नाही, संपर्क तुटला आहे, शस्त्र निघाले आहे आणि लक्ष्याजवळच्या खंदकातून पांढरे कापड वर आले. मग?

निवृत्त_तोफची

मग ते कापड कोणालाही दिसणार नाही आणि ती माणसे मरतील. म्हणूनच खंदक, चौकी, गाव अशा जिथे माणसे असणे अपेक्षित आहे त्या जागी या प्रकारचे शस्त्र सोडायचेच नाही, असे मी म्हणतो. तिथे तार ओढत नेणारा किंवा चालकाच्या डोळ्यांसमोर राहणारा ड्रोन वापरावा, तोही नसेल तर तोफ वापरावी, जिच्यामागे निदान पाहणारा निरीक्षक असतो.

कणखर

याचा अर्थ पायदळाविरुद्ध हे शस्त्र बादच झाले.

निवृत्त_तोफची

होय, बाद.

कणखर

मग आपला मतभेद इथे राहतोच. रात्री अठरा हजार फुटांवर, जॅमर चालू असताना, पन्नास जण आपल्या चौकीवर चढत असतील आणि चौकीत आपले आठ जण असतील, तेव्हा मी हे शस्त्र सोडीन आणि नोंदवहीत माझे नाव स्वतःच्या हाताने लिहीन. न्यायप्रविष्ट यांना नंतर माझ्यावर खटला चालवायचा असेल तर चालवावा. आठांपैकी किती जण साक्षीला येतात ते पाहू.

न्यायप्रविष्ट

@कणखर, नाव लिहिण्याची तयारी असेल तर माझी पहिली अट तुम्हीही मान्य केली. खटला चालेल की नाही हे त्या पन्नासांपैकी किती जण चढत होते आणि किती जण परत फिरले होते यावर ठरेल, आणि ते सांगणारी नोंद तुमच्या शस्त्राच्या कॅमेऱ्यात शिल्लक राहिली पाहिजे, ही माझी तिसरी अट.